दुर्गंधीचा पत्ता कोण ठरवते? मुंबईच्या ‘हरकती व सूचनां’चा इतिहास

१/
समाजमाध्यमांवर जुन्या मुंबईची छायाचित्रे सतत फिरत असतात. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी इमारती, मध्ये एखादी ट्राम आणि तुरळक माणसे. त्याखाली ठरलेला शेरा असतो : तेव्हा नियोजन होते, आता नगरसेवक आहेत. या शेऱ्यामागे एक पक्का समज दडलेला आहे. शहर तज्ज्ञांनी आखावे, प्रशासकाने उभारावे. रहिवाशांचे मत विचारत बसले की शहराचा विचका होतो, असा तो समज.

२/
हा समज इतिहासाच्या नावाने पसरवला जातो, तेव्हा त्याची झडतीही इतिहासानेच घेतली पाहिजे. ती घेतल्यावर दिसते ते असे : मुंबईत रहिवाशांचे म्हणणे इंग्रजी अमलातही ऐकले जात होते. मात्र ते सर्वांचे ऐकले जात नव्हते. ज्यांचे ऐकले गेले त्यांच्या दारातून घाण उचलली गेली. ज्यांचे ऐकले गेले नाही त्यांच्या दारात ती नेऊन टाकली गेली. मुंबईचा निम्मा नकाशा या एका वाटणीतून घडला आहे.

३/
प्रथम शब्द तपासू या. कत्तलखाना, कातडी कमावण्याचे कारखाने, कचराभूमी, स्मशान, धूर, गोंगाट या साऱ्यांसाठी कायद्याचा एकच शब्द आहे : उपद्रव. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या २६८ व्या कलमात ‘सार्वजनिक उपद्रवा’ची व्याख्या होती. जनतेला किंवा आसपास राहणाऱ्या लोकांना सर्वसाधारणपणे ज्याने इजा, धोका किंवा त्रास होतो ते कृत्य, असा तिचा आशय. व्याख्या निःपक्षपाती दिसते. पण ‘आसपास राहणारे लोक’ म्हणजे कोण, हे ठरवणारा माणूस नेहमीच कुठल्यातरी विशिष्ट ठिकाणी राहत असतो.

४/
जून १८३२. मुंबईतील भटकी कुत्री हा उपद्रव आहे असे सरकारने ठरवले. ती मारण्याचा हुकूम होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस होते. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. अंत्यविधीतही त्याची उपस्थिती आवश्यक मानली जाते. त्या समाजाला कोणी विचारले नाही. परिणामी कोटात दंगल उसळली, शिपायांवर हल्ले झाले, बाजार बंद पडला आणि सैन्याला पाचारण करावे लागले.

५/
हा प्रसंग ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून गमतीने सांगितला जातो. त्यातील गंभीर भाग गळून पडतो. पारशी समाज हा त्या काळच्या मुंबईचा व्यापारी कणा होता. त्याने हात आखडले की कोटाचा दैनंदिन व्यवहार थांबत असे. म्हणून त्याच्या संतापाची दखल घेणे सरकारला भाग पडले. दखल घेतली जाण्यासाठी शहर बंद पाडण्याची ताकद लागते, हा मुंबईच्या नागरी इतिहासातील एक आरंभीचा धडा होय.

६/
दुसरा प्रसंग सोनापूरचा. गिरगावच्या कडेला, बॅक बेच्या किनाऱ्यालगत हिंदूंची स्मशानभूमी होती. ती तेथून उचलून दूर शिवडीला न्यावी असा घाट सरकारने घातला. त्या काळी गिरगावाहून शिवडीपर्यंत खांद्यावरून प्रेत नेणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. नाना शंकरशेटांनी या बेताला कडाडून विरोध केला आणि स्मशान जागच्या जागी राहिले. आजची चंदनवाडी ही त्या विरोधाची साक्ष आहे.

७/
नानांचे हे कार्य योग्यच होते. पण ते यशस्वी का झाले, हेही पाहिले पाहिजे. नाना हे शहरातील अग्रगण्य धनिक, सरकारदरबारी वजन असलेले, पुढे १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर नेमले गेलेले गृहस्थ. गिरगावकरांच्या हरकतीला नानांचा आवाज लाभला. ज्या वस्तीला असा नाना लाभला नाही, तिचे काय झाले? पुढचा सारा इतिहास या प्रश्नाचे उत्तर आहे.

८/
१८६५ च्या कायद्याने मुंबईला महापालिका आयुक्त मिळाला. या पदावर आलेले आर्थर क्रॉफर्ड हे ‘कामाचा माणूस’ म्हणून आजही गौरवले जातात. त्यांच्याच काळात १८६९ मध्ये पूर्ण झालेली, त्यांच्या नावाने ओळखली गेलेली मंडई, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, सर्वांना ठाऊक आहे. मटणाचा बाजार देखणा झाला, छताखाली आला, धुवून निघू लागला. मग जनावरे कुठे कापली जाऊ लागली?

९/
वांद्र्याला. शहरातील कत्तलखाने क्रॉफर्ड यांच्या काळात तेथे हलवले गेले. वांद्रे तेव्हा मुंबईत नव्हते. माहीमच्या खाडीपलीकडचे, साष्टीतील, ठाणे जिल्ह्याच्या हद्दीतले ते गाव होते. मुंबईच्या पालिकेला वांद्रेकरांकडून कर मिळत नव्हता. म्हणून त्यांना उत्तर देण्याचे बंधनही तिच्यावर नव्हते. वांद्रे बृहन्मुंबईत आले ते १९५० मध्ये. म्हणजे सुमारे आठ दशके मुंबईने आपला उपद्रव अशा लोकांच्या अंगणात ठेवला, ज्यांना मुंबईच्या कारभारात शब्द नव्हता.

१०/
येथे ‘कार्यक्षम प्रशासन’ या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ उघड होतो. क्रॉफर्ड झटपट निर्णय घेऊ शकले, याला त्यांची धडाडी हे एक कारण होते. दुसरे कारण असे की ज्यांच्यावर निर्णयाचा भार पडणार होता ते सभागृहात नव्हतेच. विरोध करणारा समोर नसेल तर कोणताही निर्णय झटपटच होतो.

११/
क्रॉफर्ड यांना अखेरीस अडवले ते कोणी? करदात्यांनी. बेसुमार खर्चाने पालिकेची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १८७१ मध्ये नवरोजी फर्दुनजी प्रभृतींच्या पुढाकाराने करदात्यांची चळवळ उभी राहिली. तरुण फिरोजशहा मेहतांनी त्या वेळी वेगळी भूमिका मांडली. दोष एकट्या आयुक्ताचा नाही. ज्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायचे ते ‘जस्टिस ऑफ द पीस’ सरकारने नेमलेले आहेत, त्यांच्या जागी करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी हवेत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१२/
या मंथनातून १८७२ चा कायदा निघाला. चौसष्ट सभासदांची पालिका अस्तित्वात आली : बत्तीस करदात्यांनी निवडलेले, सोळा जस्टिसांनी निवडलेले, सोळा सरकारने नेमलेले. भारताच्या नागरी इतिहासातील हा मोठा टप्पा, यात शंका नाही. पण दोन गोष्टी नजरेआड होता कामा नयेत. कार्यकारी सत्ता सरकारनियुक्त आयुक्ताकडेच राहिली. आणि मताचा हक्क मिळाला तो वर्षाला किमान पन्नास रुपये कर भरणाऱ्याला.

१३/
१८७२ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती. पन्नास रुपये कर भरणारे त्यांतले अगदी मूठभर. हे मूठभर लोक बहुतांशी घरमालक, व्यापारी, वकील, डॉक्टर. गिरणीत राबणारा, गोदीत ओझी वाहणारा, मैला उचलणारा आणि चाळीच्या खोलीत भाड्याने राहणारा माणूस ‘करदाता’ या शब्दात बसत नव्हता. वास्तविक त्याच्या भाड्यातूनच घरमालकाचा कर निघत होता. कर त्याच्या घामाचा, मत मालकाचे.

१४/
याच काळात कातडी कमावण्याचे धंदे शहराच्या उत्तर टोकाला सरकले. १८८७ च्या सुमारास धारावीत पहिली टॅनरी उभी राहिली असे मानले जाते. धारावी म्हणजे तेव्हा माहीमच्या खाडीकाठचा दलदलीचा भाग. तेथे कोळ्यांची जुनी वस्ती होती. कातडे, चुना, रक्त आणि सडका पाला यांचा वास शहराच्या नाकापासून दूर गेला. तो कोळीवाड्याच्या नाकाजवळ आला, याची नोंद घेण्याचे कारण कोणाला वाटले नाही.

१५/
दुर्गंधीबरोबर माणसेही गेली. कातडी कमावण्याचे काम जातिव्यवस्थेने ज्यांच्या माथी मारले होते, ते लोक तेथे वसले. दूर दक्षिणेतून आलेले चामड्याचे कारागीर वसले. ‘धारावी ही मुळातच घाणेरडी’ असे म्हणणाऱ्याने हा क्रम ध्यानात घ्यावा. शहराने आधी आपला उपद्रव तेथे धाडला, तो उपद्रव हाताळणारी माणसे तेथे बसवली आणि मग त्या माणसांनाच उपद्रव ठरवले.

१६/
सप्टेंबर १८९६. डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला. डॉ. व्हिएगास हे स्वतः पालिकेचे सभासद होते. ऑक्टोबरमध्ये आयुक्तांच्या हाती असाधारण अधिकार आले : रुग्णाला सक्तीने रुग्णालयात नेणे, घर रिकामे करवणे. महिना संपण्यापूर्वीच, २९ ऑक्टोबरला, गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढवला.

१७/
त्या जमावाला ‘अडाणी’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण त्याच्यासमोर दुसरा कोणता मार्ग खुला होता? त्याला मत नव्हते. त्याची हरकत नोंदवणारे दप्तर नव्हते. रुग्णालयात नेलेला माणूस परत येतो की नाही, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. हरकतीला कागद मिळाला नाही की ती दगडाचे रूप घेते. हे दगडाचे समर्थन नव्हे. कागद नाकारणाऱ्याच्या जबाबदारीची ती आठवण आहे.

१८/
सरकारने यातून धडा घेतला तो उलटा. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि अर्धनिर्वाचित पालिकाही बाजूला पडली. पुण्यात अशाच समितीच्या कारभाराचा शेवट रँडच्या हत्येत झाला, हे सर्वज्ञात आहे. मुंबईत मार्च १८९८ मध्ये पुन्हा दंगल भडकली. लोकांना न विचारता केलेला कारभार वेगवान असतो, या समजाची किंमत दोन्ही शहरांनी मोजली.

१९/
त्याच वर्षी, १८९८ मध्ये, ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रस्ते रुंद करणे, नव्या जमिनी वसवणे ही त्याची कामे. ट्रस्टचा अध्यक्ष सरकारने नेमलेला. पालिकेने निवडून पाठवलेले विश्वस्त अल्पमतात. व्यापाऱ्यांच्या चेंबरला, गिरणीमालकांच्या संघाला, पोर्ट ट्रस्टला तेथे प्रतिनिधी होता. ज्यांची घरे पाडायची होती त्या भाडेकरूंना मात्र नव्हता.

२०/
प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे ट्रस्टच्या कामाचे ठळक नमुने. समुद्राचा वारा कोंदट वस्तीत खेळावा, हा त्यांमागचा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण घर पाडले की मालकाला मोबदला मिळे. भाडेकरूला मिळे तो रस्ता. पाडलेल्या चाळीतील माणूस कामाच्या ठिकाणापासून लांब जाऊ शकत नव्हता, म्हणून तो शेजारच्या चाळीत शिरला. एका गल्लीतील गर्दी निवारताना दुसऱ्या गल्लीतील गर्दी वाढली.

२१/
म्हणून त्या प्रसिद्ध छायाचित्रांकडे पुन्हा एकदा पाहावे. रस्ता रुंद आहे, स्वच्छ आहे आणि जवळजवळ निर्मनुष्य आहे. येथे राहणारी माणसे कुठे गेली, हा प्रश्न त्या चित्रासमोर उभे राहून विचारायला हवा. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम चित्राचे कौतुक करण्यापुरते नाही. चौकटीबाहेर ढकलले गेलेले शोधणे हेही त्याचेच काम आहे.

२२/
आता कचऱ्याकडे वळू. शहर वाढले तसा कचरा वाढला. सखल जमिनी आणि खाजणे त्याने भरली जाऊ लागली. १९०६ मध्ये कुर्ला ते चेंबूर असा लोहमार्ग टाकला गेला तो कचरागाड्यांसाठी. त्या मार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली १९२४ मध्ये. म्हणजे चेंबूरला मुंबईचा केर आगगाडीने पोहोचला आणि त्यानंतर अठरा वर्षांनी माणसाला आगगाडी मिळाली. उपनगर म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण.

२३/
१९२७ पासून देवनार ही मुंबईची कचराभूमी झाली. खाडीकाठची खाजण जमीन, पालिकेच्या तत्कालीन हद्दीबाहेर. वांद्र्याचाच कित्ता. पुढे १९७१ मध्ये कत्तलखानाही वांद्र्याहून देवनारला आला. वांद्रे एव्हाना मुंबईत आले होते, तेथे सुखवस्तू आणि वजनदार वस्ती होती. तेथील जमिनीला भाव होता. उपद्रवाने आपला मुक्काम हलवला, पण दिशा बदलली नाही : जिथे आवाज कमी, तिकडे.

२४/
‘कचराभूमीशेजारी राहायला यांना कोणी सांगितले होते?’ हा प्रश्न गोवंडीविषयी हमखास विचारला जातो. इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे : शासनानेच सांगितले होते. १९७० च्या दशकात शहरात ठिकठिकाणी पाडलेल्या झोपड्यांतील कुटुंबांना शिवाजीनगर-गोवंडी परिसरात आणून वसवण्यात आले. १९७६ मध्ये मानखुर्दची जनता कॉलनी उठवून तेथील रहिवाशांना चिता कॅम्पला हलवले गेले. कचरा आधी होता हे खरे. माणसे मात्र आपण होऊन त्याच्याकडे चालत गेली नव्हती.

२५/
याचे फळ काय? २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात देवनार-गोवंडीचा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या डोंगराला आग लागली. धूर दिवसेंदिवस निघत राहिला आणि उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. गोवंडीचे लोक त्या धुराविषयी वर्षानुवर्षे बोलत होते. ते ऐकू आले, जेव्हा धूर वाऱ्याबरोबर इतर उपनगरांवर पसरला तेव्हा.

२६/
फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घनकचऱ्याच्या अव्यवस्थेवर बोट ठेवून शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांना लगाम घातला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो अटींवर सैल केला. या मधल्या काळात कचऱ्याचा प्रश्न अचानक सर्वांचा झाला. १८३२ च्या धड्याची ही उजळणी होय : मुलांचा खोकला पुरेसा ठरत नाही, व्यवहार थांबला की कान उघडतात.

२७/
येथे प्रामाणिकपणे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. रहिवाशांच्या हरकती नेहमीच न्याय्य असतात काय? मुळीच नाही. सार्वजनिक शौचालय सर्वांना हवे असते, पण शेजाऱ्याच्या भिंतीला लागून. रात्रनिवारा हवा, पण पलीकडच्या रस्त्यावर. दफनभूमीला विरोध, फेरीवाल्यांना विरोध, गरिबांच्या घरांना विरोध, हे सारे ‘रहिवाशांचे मत’ म्हणूनच मांडले जाते. हरकत हे दुर्बलाचे शस्त्र असते तसेच सबलाचे कुंपणही असते.

२८/
पण या आक्षेपातून ‘कोणालाच विचारू नये’ हा निष्कर्ष निघत नाही. औपचारिक सुनावणी बंद केली तरी सबलाची हरकत बंद होत नाही. ती मंत्रालयाच्या मागच्या दाराने जाते. बंद होते ती फक्त पुढच्या दाराने येणाऱ्याची. स्वार्थी हरकतीवर उतारा एकच : तिच्यासमोर दुसरी हरकत उभी राहू देणे आणि दोहोंचा निवाडा कारणांसह, उघडपणे करणे. वजनकाटा खोटा असेल तर तो दुरुस्त करावा. मोजणेच सोडून देऊ नये.

२९/
हा काटा हळूहळू दुरुस्त होत आला, हेही नोंदवले पाहिजे. १९२२ च्या दुरुस्तीने दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले. गिरणी कामगाराच्या खोलीचे भाडे बहुधा त्याहूनही कमी असे, म्हणून तो बाहेरच राहिला. १९३३ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. १९४८ मध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली. पन्नास रुपयांच्या करापासून प्रत्येक प्रौढापर्यंत यायला पाऊणशे वर्षे लागली.

३०/
जमिनीच्या वापराबाबतही हीच चाल दिसते. १९१५ चा नगररचना कायदा, १९५४ चा कायदा आणि अखेर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा. आज कुठलाही विकास आराखडा तयार होताना आधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा करावा लागतो, प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीला त्यांवर विचार करावा लागतो. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार असतात.

३१/
‘हरकती व सूचना’ हे तीन शब्द राजपत्रात रुक्ष दिसतात. त्यांच्यामागे सोनापूर आहे, आर्थर रोड आहे, वांद्र्याचा कत्तलखाना आहे. पण त्यांची मर्यादाही तितकीच ऐतिहासिक आहे. ऐकणे बंधनकारक आहे, मानणे नाही. अंतिम मंजुरी राज्य सरकारची, फेरबदलाचा अधिकारही त्याचाच. १८७२ मध्ये बोलण्याचा हक्क शहराला दिला गेला आणि चालवण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला. ती चौकट मोडलेली नाही.

३२/
तरीही या चौकटीत काय घडू शकते, ते २०१५ ने दाखवले. मुंबईच्या २०१४-३४ च्या प्रारूप विकास आराखड्यात चुकांचा सुळसुळाट होता. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तू गळल्या होत्या, आरेच्या हिरव्या पट्ट्याविषयी चिंता होती. हजारोंच्या संख्येने हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा नव्याने करण्याचे आदेश दिले. सुधारित आराखडा मंजूर होऊन २०१८ मध्ये अमलात आला.

३३/
‘तीन वर्षे वाया गेली’ असे याचे वर्णन करणाऱ्यांनी सांगावे : चुकीचा रस्ता वीस वर्षे नकाशावर राहिला असता तर किती वर्षे वाया गेली असती? आपल्या गल्लीत काय उभे आहे हे तज्ज्ञाला ठाऊक नव्हते, गल्लीतल्या माणसाला ठाऊक होते. हरकत ही अनेकदा भावना नसून माहिती असते. ती नाकारणारा नियोजनकार अडाणीपणाचा पक्ष घेत असतो.

३४/
मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक न होता कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची काही वर्षे १८६५ चीच रचना परत आली : सरकारनियुक्त अधिकारी, समोर लोकनियुक्त सभागृह नाही. राज्यातील इतरही अनेक शहरांत असेच झाले. या काळात ‘कामे भराभर होतात’ असे समाधान व्यक्त करणाऱ्यांना क्रॉफर्ड यांची तिजोरी आणि वांद्र्याचा कत्तलखाना आठवायला हवा होता.

३५/
याच काळातला एक निर्णय सारा इतिहास एका रेषेत आणून ठेवतो. २०२४ मध्ये देवनार कचराभूमीतील सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचे राज्य सरकारने ठरवले. ज्या शहराने टॅनरी धारावीला धाडल्या आणि केर देवनारला, ते शहर आता धारावीच्या माणसांना केराच्या जागेवर वसवण्याचा विचार करते. दीड शतकात दुर्गंधीचा पत्ता बदलत गेला. तो लिहिणारा हात आणि तो पत्ता ज्यांच्या माथी लिहिला जातो ते लोक फारसे बदलले नाहीत.

३६/
मग मागायचे काय? इतिहासच चार मागण्या सुचवतो. पहिली : प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर मिळावे, एकत्रित ‘अमान्य’ असा शिक्का चालणार नाही. दुसरी : नवा उपद्रव कुठे ठेवायचा हे ठरवण्यापूर्वी त्या विभागाने आधीच किती भार उचलला आहे, याचा तपशील जाहीर व्हावा. तसे झाले असते तर कचराभूमी असलेल्या देवनारात कत्तलखानाही जाताना निदान चर्चा झाली असती.

३७/
तिसरी : सुनावणी वस्तीत व्हावी, लोकांच्या भाषेत व्हावी, कामावरून परतल्यावर येता येईल अशा वेळी व्हावी. दुपारी तीन वाजता कार्यालयात ठेवलेली सुनावणी म्हणजे पन्नास रुपयांच्या कराचीच नवी आवृत्ती. रजा परवडणारा तेवढा मतदार. चौथी : नोटीस मालकापाशी थांबू नये. भाडेकरू, पागडीदार, झोपडीधारक यांच्यापर्यंत ती पोहोचावी. ट्रस्टने जे केले नाही ते आज तरी व्हावे.

३८/
या मागण्यांत क्रांतिकारक काही नाही. फिरोजशहांच्या युक्तिवादाचाच तो पुढचा टप्पा आहे. कारभारी कितीही कर्तबगार असो, त्याच्यावर लक्ष ठेवणारे लोक त्याच्या मालकांनी नेमलेले नसावेत, ज्यांच्यावर त्याचा कारभार चालतो त्यांनी निवडलेले असावेत, हा तो युक्तिवाद. १८७१ मध्ये ‘लोक’ म्हणजे करदाते होते. आज ‘लोक’ म्हणजे गोवंडीची ती आई आहे, जिच्या खिडकीतून देवनारचा डोंगर दिसतो.

३९/
इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. आपापल्या शहराचा जुना नकाशा काढावा. कत्तलखाना, स्मशान, कचराभूमी, मैलाशुद्धी केंद्र यांवर खुणा कराव्यात. दर पंचवीस वर्षांनी त्या खुणा कुठून कुठे सरकल्या ते पाहावे. मग त्या त्या वेळी मत कोणाला होते, हद्द कुठे होती, हे शेजारी लिहावे. पुणे असो, नागपूर असो, सोलापूर असो. दोन रकाने एकमेकांशी बोलू लागतील.

४०/
आणि आपल्या शहराचा पुढचा आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा तो उघडून वाचावा. मुदत संपण्यापूर्वी एक हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी. ती अमान्य होईल कदाचित. पण दप्तरात राहील. सोनापूरचे स्मशान आजही जागेवर आहे, कारण कोणीतरी वेळेवर ‘नाही’ म्हटले होते. धारावीच्या कोळीवाड्याने १८८७ च्या सुमारास काय म्हटले असेल, ते वाचायला आज एकही कागद सहज हाती लागत नाही. पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला गोवंडीविषयी असे म्हणावे लागू नये.